उन्हाळी अभ्यासक्रमाची ग्रेड: कुठून मिळवायची, कुठे भरायची

परदेशी विद्यापीठांच्या उन्हाळी अभ्यासक्रमांबद्दल खान्देशातून आलेल्या पत्रांपैकी तीन.

मुलगी बारावीला आहे. जून-जुलैत तिनं अमेरिकेतल्या विद्यापीठाचा क्रेडिटचा (म्हणजे पदवीसाठी धरला जाणारा) अभ्यासक्रम ऑनलाइन केला. ग्रेड विचारायला मी ईमेल केला, तर ‘विद्यार्थिनीलाच सांगू’ असं उत्तर आलं. फी तर आम्हीच भरली! — एक पालक, जळगाव

उत्तर नियमाला धरून आहे. फेर्पा या विद्यार्थ्यांच्या नोंदींबाबतच्या १९७४ च्या अमेरिकी कायद्यानुसार मुलानं विद्यापीठाच्या वर्गात नाव घातलं की शैक्षणिक नोंदींवरचा हक्क त्याचा होतो, वय सोळा असलं तरी. म्हणून मुलीलाच विद्यार्थी पोर्टल उघडू द्या. ग्रेड तिथे दिसते, टपालानं येत नाही.

पोर्टलवरून उतरवलेली प्रत अनधिकृत असते. पुढे पदवी प्रवेशाच्या अर्जात ग्रेड भरायला ती पुरते. अधिकृत ट्रान्सक्रिप्ट (विद्यापीठाचं गुणपत्रक) मात्र रजिस्ट्रारच्या, म्हणजे नोंदी सांभाळणाऱ्या, कार्यालयाकडे मागवावं लागतं आणि ते थेट पुढच्या विद्यापीठाकडे जातं. मध्ये घरी मागवून तुम्ही पुढे पाठवलंत, तर सहसा अधिकृत धरत नाहीत.

गाडी अडते ती बहुधा फीपाशी. परदेशी पैसे पाठवताना मधली बँक आपला आकार कापते, विद्यापीठाला काही डॉलर कमी पोचतात आणि एवढ्याशा बाकीवरही कित्येक ठिकाणी ट्रान्सक्रिप्ट रोखलं जातं. पोर्टलवर फीच्या खात्यात बाकी शून्य आहे ना, ते आधी पाहा. बँकेच्या फॉर्मवर सगळे आकार पाठवणाऱ्यानं सोसण्याचा ‘अवर’ हा पर्याय असतो. पुढच्या वेळी तो निवडा.

दुसरी अडचण नावाची. आपल्या दहावीच्या गुणपत्रकावर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर मांडणी वेगळी, आणि उन्हाळी अभ्यासक्रमाच्या फॉर्मवर मुलं नुसतं नाव-आडनाव टाकून मोकळी होतात. जन्मतारखेचंही तसंच: अमेरिकेत महिना आधी लिहितात, त्यामुळे ५ ऑगस्टची ८ मे होते. ट्रान्सक्रिप्ट आणि अर्ज यांची जोडी नाव आणि जन्मतारखेवरूनच लावली जाते. दोन्ही पासपोर्टप्रमाणे दुरुस्त करून घ्या, मगच ट्रान्सक्रिप्ट मागवा. विद्यापीठानं दिलेला ईमेल पुढे बंद होऊ शकतो, म्हणून खात्याला तिचा स्वतःचा ईमेलही जोडून ठेवा.

मुलाला बी प्लस मिळाली. ज्युनिअर कॉलेजचे क्लार्क म्हणतात, टक्के काढून अकरावीच्या गुणपत्रकात टाकू. चालेल का? — भुसावळ

अजिबात नको. कॉलेजनं जे शिकवलं नाही, तपासलं नाही, त्याचे गुण कॉलेजच्या शिक्क्यानिशी गेले तर संपूर्ण गुणपत्रकावरच शंका येते. बी प्लस बी प्लसच राहू द्या. तिचे ८७ की ८९ टक्के, हे ठरवणं आपलं काम नाही. कॉमन अॅपवर, म्हणजे अनेक अमेरिकी विद्यापीठांना एकच अर्ज करायच्या संकेतस्थळावर, शिक्षणाच्या विभागात महाविद्यालयांसाठी वेगळी जागा आहे. तिथे विद्यापीठाचं नाव टाकून ‘उन्हाळी कार्यक्रम’ हा पर्याय निवडायचा. प्राचार्यांनी फक्त आपल्या कॉलेजचं गुणपत्रक अपलोड करावं. बारावी बोर्ड, सीईटी किंवा जेईईच्या गुणांत या ग्रेडनं काहीही फरक पडत नाही.

मोठीला क्रेडिटच्या विषयात सी मिळाली. ती दाखवलीच नाही तर? धाकट्याला दोन आठवड्यांच्या वर्गाचं नुसतं प्रमाणपत्र मिळालंय, ते कुठे लिहायचं? — शहादा

सी लपवू नका. अर्जाच्या शेवटी माहिती पूर्ण आणि खरी असल्याची सही द्यावी लागते. दडवलेली ग्रेड नंतर उघड झाली तर दिलेला प्रवेशही मागे घेतला जातो. एका सीनं मात्र सहसा दार बंद होत नाही. जूनमध्ये इथे बारावीचे वर्गही सुरू झालेले असतात आणि अमेरिकेतले तास आपल्या रात्री पडतात. अडचण खरोखर तीच असेल, तर अर्जातल्या अधिकच्या माहितीच्या जागेत दोन-तीन वाक्यांत सरळ लिहावी. विषय मध्येच सोडला असेल तर डब्ल्यू दिसतो, तोही तसाच भरायचा.

धाकट्याच्या वर्गाला क्रेडिट नसेल तर तो महाविद्यालयांच्या जागेत बसत नाही. तो उपक्रमांच्या यादीत जाईल. तिथे दहाच नोंदी करता येतात आणि वर्णनाला १५० अक्षरं मिळतात, रिकाम्या जागा धरून. विद्यापीठाच्या नावासाठी वेगळा रकाना आहे, म्हणून वर्णनात ते पुन्हा घालू नका. काय शिकला आणि शेवटी काय तयार केलं, तेवढंच लिहा.