सांकेतिक भाषेचं मराठी आवाजात रूपांतर करणारं आमचं मॉडेल चाचणीत ९८ टक्के अचूक होतं, रुग्णालयात का चाललं नाही?

तुम्ही लिहिलंय, की ठाण्यातल्या एका रुग्णालयात केस पेपरच्या खिडकीसाठी ऐरोलीच्या महाविद्यालयातल्या ३ मित्रांनी स्वतःच्याच खुणांचे व्हिडिओ काढले, आणि पहिली कर्णबधिर व्यक्ती समोर येताच सगळं चुकलं. दोष बहुधा व्हिडिओंच्या वाटणीत आहे. त्याच माणसाचे व्हिडिओ शिकवायलाही वापरले आणि तपासायलाही, तर मॉडेल खुणेऐवजी तो माणूस, त्याचा शर्ट, मागची भिंत यांवरून ओळखायला लागतं. शिवाय पाठ केलेली खूण संथ आणि सुटी असते. ज्यांची ती रोजची भाषा आहे, त्यांची एक खूण संपायच्या आत दुसरी सुरू होते.

आधी आवाका कमी करा. खिडकीवर लागणारी ६० वाक्यं निवडा. किमान १० कर्णबधिर व्यक्तींकडून, त्यांना मानधन देऊन, प्रत्येक वाक्य ५ वेळा टिपा. म्हणजे ३,००० व्हिडिओ झाले. त्यातल्या २ व्यक्तींचा एकही व्हिडिओ मॉडेलला शिकवताना दाखवू नका, चाचणी फक्त त्यांच्यावर घ्या. टक्के घसरतील, पण तो आकडा खरा असेल. चेन्नईत टिपलेला २६३ खुणांचा ‘इन्क्लूड’ हा व्हिडिओंचा संच सरावाला चांगला आहे, मात्र खुणा प्रांतागणिक बदलतात. आपल्याकडच्या खुणा आपल्याकडच्या माणसांकडूनच घ्या.

मॉडेलला पूर्ण चित्राऐवजी मीडियापाइपचे (व्हिडिओतून हात, खांदे, चेहरा यांच्या जागा शोधणारं गुगलचं साधन) बिंदू द्या, एका हाताचे २१. दोन्ही खांद्यांचा मध्य शून्य धरा आणि सगळी अंतरं खांद्यांच्या रुंदीने भागा, म्हणजे उंची आणि कॅमेऱ्यापासूनचं अंतर यांचा फरक निघून जातो. भारतीय सांकेतिक भाषेची बोटांची मुळाक्षरं दोन हातांची आहेत. हात एकमेकांवर आले की बिंदू हरवतात. त्यामुळे नाव खुणांनी वाचायचा हट्ट नको, जुना केस पेपर दाखवू द्या किंवा टाइप करू द्या.

चेहरा मात्र अजिबात सोडू नका. ‘ताप आहे’ आणि ‘ताप आहे का?’ यांत हात तेच असू शकतात, प्रश्न भुवयांत आणि मानेच्या झुकावात असतो. भुवया आणि ओठांचे बिंदू घेतले नाहीत, तर प्रश्नाचं भाषांतर साधं विधान म्हणून होईल, आणि रुग्णालयात ते घातक आहे.

नाक खाजवणं, केस सारखे करणं, पिशवी सावरणं यांचा ‘खूण नाही’ असा वेगळा वर्ग ठेवा. प्रकाश समोरून हवा. पाठीमागे खिडकी असेल तर हात काळे दिसतात. कॅमेऱ्याचं शटर १/१०० सेकंदावर ठेवलं, की ५० हर्ट्झच्या ट्यूबलाइटचे पट्टे येत नाहीत.

उलट दिशेने, म्हणजे कर्मचाऱ्याचं मराठी बोलणं खुणांत आणताना, शब्दाला शब्द जोडू नका. सांकेतिक भाषेचं व्याकरण स्वतःचं आहे, प्रश्नवाचक खूण आणि नकार बहुधा शेवटी येतात. नुसतं लिहून दाखवणंही पुरत नाही, कारण अनेकांची पहिली भाषा मराठी नसून हीच असते. ठरावीक वाक्यांचे व्हिडिओ कर्णबधिर व्यक्तीकडूनच काढून घ्या. माइक बटण दाबूनच सुरू व्हावा, नाहीतर टोकन नंबरच्या घोषणाही त्यात शिरतील.

मॉडेलने काढलेला अर्थ आवाजात बोलण्याआधी रुग्णाला खुणांच्याच व्हिडिओत परत दाखवा, ‘बरोबर’ आणि ‘चूक’ अशा दोन मोठ्या बटणांसह. दोनदा ‘चूक’ आलं, की थेट दुभाष्याला व्हिडिओ कॉल लागला पाहिजे. औषधाचा डोस आणि शस्त्रक्रियेची संमती या यंत्राकडे देऊच नका, तिथे पहिल्यापासून दुभाषी हवा. वांद्र्याच्या अली यावर जंग या वाचा-श्रवण दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेत दुभाष्यांचा अभ्यासक्रम चालतो, व्हिडिओ टिपायला सुरुवात करण्याआधी तिथे जाऊन तुमची ६० वाक्यं दाखवा.