टाळेबंदीत राहिलेले डोस

प्रश्न : मुलगा जून 2020चा. पेंटाव्हॅलेंटचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ-ब आणि हिब या पाच रोगांवरच्या एकत्रित लसीचा) एकच डोस झाला, मग टाळेबंदीत केंद्रच बंद. गोवर-रुबेला एकदाही नाही. आता, 2023च्या सुरुवातीला, तो अडीच वर्षांचा आहे. सगळं पहिल्यापासून सुरू करायचं का?

उत्तर : मुळीच नाही. झालेला डोस वाया जात नाही. जिथे थांबलात तिथून पुढे चला. पण गोवराची लस आता एक दिवसही लांबवू नका. मुंबईत 2022च्या अखेरीस गोवंडीसारख्या वस्त्यांत साथ पसरली, त्यामागे असे राहून गेलेले डोसही होते. 95 टक्के मुलांना दोन्ही डोस मिळाले, तरच गोवर रोखता येतो.

एकाच भेटीत गोवर-रुबेला उजव्या दंडावर, पेंटाव्हॅलेंटचा दुसरा डोस डाव्या मांडीत, शिवाय पोलिओचे थेंब. 4 आठवड्यांनी हे तिन्ही पुन्हा. त्रिगुणी लसीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टर शेवटच्या पेंटाव्हॅलेंटनंतर 6 महिन्यांनी. साध्या सर्दीसाठी लस पुढे ढकलू नका.

गोवर लसीच्या कुपीतली पूड विरघळवल्यावर ती कुपी 4 तासांतच संपवावी लागते, म्हणून लसीकरणाच्या ठरलेल्या दिवशी सकाळीच जा. कार्ड हरवलं असेल तर नर्सताईंच्या नोंदवहीत नाव शोधायला सांगा. नोंद नाहीच सापडली, तर डोस झालाच नाही असं धरतात. जादा डोसाने अपाय होत नाही.