पाइप गॅसवरचा बार्बेक्यू: ‘प्रेशर बरोबर आहे’, पण मोजलं कधी?

तुमची तक्रार वाचून जुनं दुखणं वर आलं. तुम्ही लिहिता: सिलिंडरवर चालणारा चार बर्नरचा बार्बेक्यू घरच्या पाइप गॅसवर घेतला, जेट (बर्नरला गॅस सोडणारी बारीक भोकाची तोंडं) बदलले, एक-दोन बर्नर मस्त चालतात. चारही लावले आणि आत कुणी गॅस गिझर सुरू केला की ज्योत बसते. वर पुरवठादाराचा माणूस तीनदा येऊन ‘प्रेशर बरोबर आहे’ असं सांगून गेला.

तो खोटं बोलत नाही. त्यानं मोजलं ते सगळे कॉक बंद असताना. गॅस वाहतच नसेल तर दाब उतरायला कारणच नाही. रिफिलएवढ्या बारीक नळीच्या टोकालाही मीटरजवळचाच आकडा दिसेल. ‘प्रेशर बरोबर आहे’ या एका वाक्यावर भरवसा ठेवून आमच्याकडे रेग्युलेटर, जेट आणि शेवटी बर्नरही बदलून झाले. सगळा खर्च वाया, कारण दोष पाइपात होता. आणि पुरवठादाराच्या कार्यालयात ‘चालू असताना मोजा’ म्हटलं की ‘आमच्या फॉर्मवर तो रकाना नाही’. असो.

मोजायचं ते असं. बार्बेक्यूचे चारही बर्नर फुल, गिझर फुल, शेगडीही चालू. या अवस्थेत एकदा मीटरच्या लगेच पुढे आणि एकदा बार्बेक्यूच्या कॉकपाशी दाब घ्यायचा. डिजिटल मॅनोमीटर (दाब मोजायचं यंत्र) नसला तर पारदर्शक नळी इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून अर्धी पाण्यानं भरली तरी काम होतं. 20 मिलिबार म्हणजे दोन बाजूंच्या पाण्यात सुमारे 204 मिलिमीटरचा फरक, 1 मिलिबार म्हणजे जेमतेम 10. मीटर ते बार्बेक्यू दाबात 1 मिलिबारच्या आसपास उतार, म्हणजे घट, चालते. मीटरपाशी 20 आणि बार्बेक्यूपाशी 16 आला तर पाइप तुमचा, खर्चही तुमचा. मीटरपाशीच 16 झाला तर मात्र पुरवठादाराला सोडू नका. त्यांचा रेग्युलेटर किंवा त्यांची लाइन कमी पडते आहे.

मॅनोमीटरच्या आधी एक फुकटची तपासणी करा. घरातलं बाकी सगळं बंद करून चारही बर्नर फुल ठेवा आणि मीटरचा आकडा दोन मिनिटांच्या अंतरानं लिहून घ्या. 12 किलोवॅटचा बार्बेक्यू तासाला साधारण 1.14 घनमीटर खातो, म्हणजे दोन मिनिटांत 38 लिटर. एकटा असतानाच 20-22 लिटर भरले तर आधी जेट आणि रेग्युलेटर बघा. एकटा असताना 37-38 आणि गिझरबरोबर ज्योत बसते, तर पाइपच. तुमचं वर्णन दुसऱ्या प्रकारात बसतं.

कारण साधं आहे. अर्ध्या इंची लोखंडी पाइपातून 15 मीटरवर तासाला सुमारे 2 घनमीटर नेले तर उतार 1 मिलिबारच्या थोडा वर जातो. एकट्या बार्बेक्यूला तो पाइप पुरतो. त्याच पाइपावर 20 किलोवॅटचा गिझर आला की मागणी 3 घनमीटरच्या वर, आणि 2 घनमीटरच्या मानानं उतार दीडपट नाही तर दुपटीहून जास्त, कारण तो प्रवाहाच्या जवळजवळ वर्गानं वाढतो. प्रत्येक एल्बो (कोपऱ्यावरचा जोड) म्हणजे आणखी अर्धा मीटर पाइप धरा. उलट पाऊण इंची पाइप टाकला तर तेवढ्याच प्रवाहाला उतार जवळपास चौथ्या हिश्शावर येतो. म्हणून माझं मत ठाम आहे: गिझरच्या फाट्यातून टी (तीन तोंडांचा जोड) काढू नका, मीटरपासून वेगळा पाऊण इंची पाइप आणा. फिटर ‘टी मारून देतो, चालेल’ म्हणेल. तुमच्याकडेही बहुधा तेच झालंय. मीटरवर कमाल क्षमताही छापलेली असते, तिच्याशी एकूण बेरीज ताडून बघा; लहान मीटर तासाला 2.5 घनमीटरचाच असतो.

जेटबद्दल, तुम्ही बदललेत म्हणून थोडक्यात. एलपीजीचे जेट तसेच ठेवून 20 मिलिबारचा पाइप गॅस दिला तर निम्म्याहून जेमतेम जास्त उष्णता मिळते. भोकाचा व्यास साधारण एक तृतीयांशानं मोठा लागतो. पण घरी ड्रिल मारून नव्हे: 1.2 ऐवजी 1.3 मिलिमीटर झालं तरी गॅस 17 टक्के जास्त. निर्मात्याचाच संच घ्या, आणि तो त्या मॉडेलसाठी देतच नसेल तर तो बार्बेक्यू सिलिंडरवरच राहू द्या. सिलिंडरचा रेग्युलेटर नळीत राहिलेला नाही ना, हेही बघा. काही मॉडेलच्या रेग्युलेटरमध्ये टोपीखालची पिन उलटी करून गॅसचा प्रकार निवडायचा असतो. ती पिन विसरणारे पुष्कळ.

हे सगळं निदानासाठी. पाइप कापणं, जोडणं परवानाधारक फिटरकडूनच, आणि तुमच्याकडचे नियम माझ्या मताच्या वर. काम झाल्यावर साबणाचं पाणी तुमच्यासमोर लावायला सांगा. फिटर फ्लेअर जोडाला टेप गुंडाळू लागला तर थांबवा; तो जोड धातूवर धातू दाबून बसतो, टेपनं उलट गळतो.

पाइप नवा घालताच आहात तर बार्बेक्यूच्या आधी तासाभरानं आपोआप बंद होणारा टायमर कॉक बसवून घ्या. सिलिंडर कधीतरी संपतो, पाइप गॅस विसरलेला बर्नर रात्रभर जाळत राहतो. झटपट जोडणीचं सॉकेट तोंड खाली करून लावा, नाहीतर पावसाचं पाणी आणि किडे आत जातात.

आणि चारपैकी एखादा बर्नर गिझर बंद असतानाही मंद जळत असेल, तर तो पाइपचा दोष नाही. त्याच्या व्हेंचुरी नळीत (जिथे गॅसमध्ये हवा मिसळते) बहुतेक कोळ्याचं जाळं असेल. बाटली धुवायच्या बारीक ब्रशनं ती आधी साफ करा, कारण तशा बर्नरची ज्योत उलटी फिरून नॉबच्या मागे पेटू शकते.