रद्दीत मिळालेल्या जुन्या कवितासंग्रहावर दोन बायकांची नावं, एक मोडी सही आणि 'म. प्र.' असा शिक्का आहे. आधीचे मालक कसे शोधू?

तुम्ही लिहिलंय की पुस्तक हिंगणघाटला मिळालं, किंमत १ रुपया ४ आणे छापलीय, आणि एका नावाआधी 'कु.' तर दुसऱ्याआधी 'सौ.' आहे. तर सगळ्यात आधी ती दोन्ही नावं एकाच बाईची आहेत का, हे तपासा.

मी स्वतः इथंच चुकलो होतो. पुलगावच्या रद्दीवाल्याकडून मला १९३०च्या दशकातला एक संग्रह मिळाला. त्यावरही अशीच दोन नावं. नाव, मधलं नाव, आडनाव, काहीच जुळत नव्हतं, म्हणून सहा महिने मी दोन मालकिणी शोधत बसलो. लग्नात पोरीचं पाळण्यातलं नावसुद्धा बदलतात, हे आपल्या घरोघरी पाहिलेलं; तरी सुचलं नाही. मग एका रात्री दोन्ही सह्या शेजारी ठेवल्या. 'ळ'ची गाठ सारखी, 'र'चा पाय सारखाच लांबवलेला. पुस्तक विकलं गेलंच नव्हतं. ते तिच्या ट्रंकेतून माहेराहून सासरी गेलं होतं.

त्यानंतर शोध सोपा झाला. माहेरचं नाव शाळेत सापडतं. जुन्या प्राथमिक शाळांत दाखल-खारीज रजिस्टर जपून ठेवलेलं असतं. वडिलांचं नाव, गाव, शाळा सोडल्याची तारीख, सगळं त्यात असतं. मुख्याध्यापकांना पुस्तक दाखवा, कशासाठी हवं ते खरं सांगा. मला गाव तिथं मिळालं. त्या गावात पारावर बसलेल्या काकाजींना आडनाव सांगितलं, तर ते लगेच म्हणाले, "थ्या घरची पोरगी आर्वीले देली होती." आणि माझ्या पुस्तकात खूण म्हणून पुलगाव–आर्वी छोट्या रेल्वेगाडीचं पुठ्ठ्याचं तिकीट होतं! म्हणून सांगतो, पानांत सापडलेला कुठलाही कपटा फेकू नका, आणि तो कोणत्या पानात होता ते लिहून ठेवा.

आर्वीला त्या पुस्तकवाल्या बाईंची मुलगी भेटली, ऐंशीच्या पुढची. पान उघडल्याबरोबर म्हणाली, "हे तं माह्या मायचं अक्षर व्हय." शेवटच्या पानावर पेन्सिलीचे आकडे होते, ते मी रद्दीवाल्याचा हिशेब समजत होतो. तो दुधाचा रतीब निघाला.

आता शिक्का. 'म. प्र.' वाचून इंदूर-भोपाळकडे जाऊ नका. ते 'मध्यप्रांत'ही असू शकतं आणि 'मध्यप्रदेश'ही. मध्यप्रांत आणि वऱ्हाड हे नाव १९५० साली जाऊन मध्यप्रदेश आलं, आणि विदर्भ १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत त्यातच होता. अर्थात रबरी शिक्के राज्य बदललं तरी वर्षानुवर्षं वापरले जात, त्यामुळे एकट्या शिक्क्यावरून साल ठरवू नका. आण्यातली किंमत पुस्तक साधारण १९५७ च्या आधी छापलंय एवढंच सांगते, मालकाबद्दल काही नाही.

शिक्का वाचनालयाचा असेल तर जवळ दाखल क्रमांक शोधा. वाचनालय चालू असेल तर त्यांच्या दाखल नोंदवहीत त्या क्रमांकापुढे पुस्तक विकत घेतलं की कोणी भेट दिलं, ते मिळू शकतं. 'निर्लेखित' (म्हणजे वाचनालयाच्या नोंदीतून काढून टाकलेलं) किंवा 'रद्द' असा शेरा कुठंच नसेल, तर पुस्तक आधी त्यांना दाखवावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

अक्षर पुसट असेल तर किराणा दुकानात नोटा तपासायचा जांभळा दिवा असतो, तो अंधारात पानावर धरा. जुन्या शाईत लोह असायचं. अशी शाई त्या उजेडात गडद दिसते. पाणी किंवा पावडर मात्र लावू नका.

कुटुंब सापडेपर्यंत नावं इथं जाहीर करू नका. मोडी सहीचा तेवढा फोटो टाका, बाकी पान झाकून. बाजूने उजेड पाडून काढा, म्हणजे बोरूचा दाबही दिसेल. मी वाचून सांगतो.