उत्तर कोरियात पक्ष कम्युनिस्ट असूनही सत्ता बापाकडून मुलाकडे आणि तिथून नातवाकडे कशी गेली? पक्षात कुणीच हरकत घेतली नाही का?

हाच प्रश्न मी १९८० च्या दिवाळीत आमच्या नानांना विचारला होता आणि त्यांनी मला फराळाच्या ताटावरून उठवलं होतं. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

नाना म्हणजे माझे थोरले काका. लालबागला राहायचे, गिरणीत साचेखात्यात होते, लाल बावट्याचे कट्टर. त्यांच्याकडे उत्तर कोरियाचं एक इंग्रजी सचित्र मासिक यायचं. त्यांचं इंग्रजी बेताचं, म्हणून मी वाचून दाखवायचो. कागद गुळगुळीत; पुस्तकांना कव्हर घालायला त्याच्यासारखा कागद नाही. माझं बी.कॉम. तिथला पहिला सर्वेसर्वा किम इल सुंग याच्या फोटोखाली झालं म्हणा ना. ऑक्टोबर १९८० मध्ये प्योंगयांगला पक्षाचं सहावं अधिवेशन भरलं आणि किम इल सुंगचा मुलगा किम जोंग इल उघडपणे वरच्या फळीत आला. मी म्हटलं, "नाना, मग राजेशाहीत आणि यात फरक काय?" नाना म्हणाले, "पोरगा लायक असेल तर बापाच्या पोटी जन्माला येणं हा गुन्हा आहे का?" मला उत्तर सुचलं नाही. चकली तशीच राहिली.

उत्तर फार वर्षांनी सापडलं. उत्तर कोरियानेच १९७० साली काढलेल्या राजकीय संज्ञांच्या कोशात वारसाहक्काने पद देणं ही शोषक समाजातली प्रतिगामी प्रथा आहे, असं लिहिलं होतं. १९७२ च्या आवृत्तीतून ती नोंदच गायब! हे मला तेव्हा माहीत असतं तर ताट माझ्यासमोरच राहिलं असतं.

हरकत घेतली नाही का म्हणता, तर घेतली. फेब्रुवारी १९५६ मध्ये सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्हने आपल्या मेलेल्या गुरूची, स्टालिनची लक्तरं काढली. त्याच ऑगस्टमध्ये प्योंगयांगला मध्यवर्ती समितीच्या बैठकीत काही जण किमच्या व्यक्तिपूजेविरुद्ध उभे राहिले. आरडाओरडा करून त्यांना खाली बसवलं आणि काही जण चीनमध्ये पळाले. सप्टेंबरमध्ये मॉस्कोहून मिकोयान आणि बीजिंगहून पेंग देहुआई येऊन किमला दटावून गेले. त्याने मान डोलावली आणि पाहुण्यांची पाठ फिरल्यावर एकेकाला उचललं. १९६७ मध्ये पक्षातला कापसान नावाचा गटही असाच साफ केला गेला. मुलाचं नाव पुढे आलं तेव्हा बोलणारा उरलाच नव्हता. आणि मुलगाच का? माझं सरळ मत आहे, गुरू मेल्यावर शिष्य त्याला शिव्या घालतो हे किमने पाहिलं होतं. तिकडे माओने नेमलेला वारस लिन बियाओ १९७१ मध्ये पळता पळता विमान कोसळून मेला. शिष्यांवर भरवसा उरला नाही, मग पोटच्या पोराशिवाय कोण?

भाऊबंदकी तर आपल्याला लाजवेल अशी. किम इल सुंगचा सख्खा धाकटा भाऊ किम योंग जू बाजूला सारला गेला. जोंग इलचा सावत्र भाऊ तीस वर्षं परदेशात राजदूत म्हणून फिरत राहिला. नातू जोंग उन सप्टेंबर २०१० मध्ये एकदम जनरल झाला, पुढच्या वर्षी बाप वारल्यावर सर्वेसर्वा. २०१३ मध्ये त्याने आत्याच्या नवऱ्याला मृत्युदंड दिला. २०१७ मध्ये क्वालालंपूर विमानतळावर थोरल्या सावत्र भावाला विष फासून मारलं गेलं.

आता नानांची लायकीची व्याख्या. ते चाळीच्या वाचनालयाचे बावीस वर्षं चिटणीस होते. ते थकल्यावर चिटणीस झाला त्यांचा मुलगा, आमचा दादा. मी सभेत आक्षेप घेतला तर दादा अजून ऐकवतो, "निवडणूक झाली होती, बिनविरोध." २०१४ मध्ये जोंग उनही पेक्तू पर्वताच्या १११ क्रमांकाच्या मतदारसंघातून शंभर टक्के मतांनी निवडून आला. हे मी दादाला लग्नाच्या पंगतीत सांगितलं. तेव्हापासून बोलणं कमी आहे.

वाचनालय आणि छळछावण्या यांची तुलना होत नाही हे मलाही कळतं. आणि नाना मूर्ख नव्हते. साठच्या दशकात कारखानदारीत उत्तर कोरिया दक्षिणेच्या पुढे होता, जपान्यांनी अवजड उद्योग तिकडेच उभारले होते म्हणून. नव्वदीतला दुष्काळ पाहायला नाना राहिले नाहीत.

तुम्हाला एवढंच सांगतो, घरात कुणी "पोरगा लायक आहे" म्हणालं तर तिथेच विचारा, कुणाशी तुलना करून? मी त्या दिवशी विचारलं नाही. परवा वाचनालयाच्या वार्षिक सभेची नोटीस आली. चिटणीसपदासाठी दादाच्या मुलाचा एकच अर्ज आहे. मुदत शनिवारपर्यंत आहे, मी फॉर्म आणून ठेवलाय.