अडखळणाऱ्या मुलाचे उच्चार तपासताना

पहिल्या भेटीत दोन नोंदी वेगळ्या ठेवा: मूल कुठे अडखळतं आणि कुठला ध्वनी बदलतं. 'म-म-मासा' हे अडखळणं, 'खेकडा'चं 'थेतडा' हा उच्चारातला बदल. एकाच मुलात दोन्ही असू शकतात. 'र' उशिरा येतो, म्हणून तीन वर्षांचं मूल 'लस्ता' म्हणालं तर थांबा. 'क', 'ग' मात्र चारनंतरही 'त', 'द' होत असतील तर काम हवंच.

अलिबाग-पेणकडच्या आगरी-कोळी घरांत 'पानी', 'डोला' ही बोली आहे, चूक नव्हे. आधी आईशी बोला, तिचे उच्चार ऐका. हे राहिलं की अख्खा अहवाल फसतो.

बोलण्याचा नमुना खेळताखेळता रेकॉर्ड करा, निदान 300 अक्षरांचा. चित्रं दाखवून एकेक शब्द विचारला तर अडखळणं लपतं.

"परत नीट म्हण" हे कधीच नको. त्यानं मूल ओठांवर, घशात जोर लावायला शिकतं. 'थेतडा' आला की तुम्हीच सावकाश म्हणा, "हो, केवढा खेकडा!" एका वेळी एकच ध्वनी घ्या. डोळे मिटून जोर लावणं दिसलं, आवाज अडला, तर त्या दिवशी उच्चार बाजूला ठेवा आणि नुसतं खेळा.