ऊती की ऊतक?

ऐरोलीच्या एका ताईंनी विचारलंय: नववीतल्या मुलीने वहीत 'पेशी एकत्र येऊन ऊतक तयार होते' असं लिहिलं, बाईंनी 'ऊतक' खोडून 'ऊती' केलं. ऊतक हा शब्द हिंदी आहे का?

हिंदीत चालतो, पण मराठीलाही परका नाही. मराठी विश्वकोशात ऊतक आणि कोशिका सर्रास भेटतात. शाळेच्या पुस्तकांनी ऊती आणि पेशी धरले. तेव्हा परीक्षेपुरतं ऊतीच लिहावं. ती ऊती, त्या ऊती. पहिला ऊ दीर्घच. शेवटची 'ती' एकटी असताना दीर्घ, समासात ऱ्हस्व: ऊतिसंवर्धन, म्हणजे टिश्यू कल्चर. (केळीवाले 'टिश्यूची रोपं' म्हणून मोकळे होतात, त्यांना ही कटकट नाही.) दोन्ही शब्दांचं मूळ संस्कृत 'वे', म्हणजे विणणे. 'ओतप्रोत'मधले ओत आणि प्रोतही त्याच घरचे.

माझं विचाराल तर बाईंचं लाल पेन 'एकत्र येऊन'वर चालायला हवं होतं. ठाणे स्टेशनात गर्दी जमावी तशा पेशी कुठून कुठून येऊन गोळा झाल्या, असं त्यातून वाटतं. गर्भात बहुतेक वेळा उलटं असतं. एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार होतात आणि त्या मुळात सुटतच नाहीत. बऱ्याच पेशींच्या अंगावर कॅडहेरिन नावाची प्रथिनं असतात, ती शेजारणीच्या तशाच प्रथिनांना धरून ठेवतात. भोवतालचं कॅल्शियम काढून घेतलं की पकड ढिली पडते. शिवाय शेजारणींचे रासायनिक निरोप चालूच असतात. मेंदूतून बाहेर आलेला डोळ्याचा फुगवटा वरच्या कातडीच्या थराला भिडतो, तेव्हा त्या थरातल्या पेशी डोळ्याचं भिंग घडवायला लागतात.

'एकत्र येऊन' शब्दशः खरं ठरल्याचं एक नामी उदाहरण मात्र आहे. १९०७ मध्ये एच. व्ही. विल्सन या अमेरिकन जीवशास्त्रज्ञांनी जिवंत स्पंज (हा पाण्यात राहणारा साधा प्राणी) बारीक विणीच्या कापडातून पिळून काढला. सुट्या झालेल्या पेशी सरकत सरकत पुन्हा जवळ आल्या, चिकटल्या आणि त्यांतून पुन्हा स्पंज तयार झाले.

वहीसाठी सोपी वाट सांगतो: 'एकत्र येऊन'च्या फंदात न पडता षष्ठी वापरावी. 'सारख्या रचनेच्या आणि एकच काम करणाऱ्या पेशींची ऊती बनते, वेगवेगळ्या ऊतींचा अवयव बनतो.' उदाहरणाला जठर द्यावं; अभिस्तर (अस्तराची), संयोजी (जोडणारी), स्नायू आणि चेता (मज्जातंतूंची), प्राण्यांच्या ऊतींचे चारही प्रकार त्यात सापडतात.